गड उतरताना मांडीत काय घडते?

अजिंक्यताऱ्यावर पहाटे फिरायला जाणाऱ्या सातारकरांमध्ये नव्याने सामील झालेला माणूस चढणीची धास्ती घेतो आणि उतरणीला मोजतच नाही. चढताना धाप लागते, छाती धडधडते, कपडे घामाने भिजतात. उतरताना मात्र श्वास ताळ्यावर येतो, गप्पा सुरू होतात आणि कष्टाचा भाग संपला असे वाटू लागते. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठताना आणि बरेचदा त्याहून अधिक तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या अशा आंबलेल्या असतात की कठडा धरल्याशिवाय पाऊल खाली पडत नाही. सज्जनगडाच्या पायऱ्या सवयीशिवाय चढून आलेल्यांचीही हीच गत होते. हे दुखणे चढणीचे नसून बहुतांशी उतरणीचे असते. हृदय आणि फुप्फुसे निवांत असताना नेमकी त्याच वेळी स्नायूंना इजा व्हावी, हे वरकरणी विसंगत वाटते. त्याचा उलगडा करायचा तर स्नायूच्या आत डोकावावे लागते.

आपल्या शरीरात सहाशेहून अधिक ऐच्छिक स्नायू आहेत आणि प्रौढ माणसाच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग त्यांचाच असतो. (हृदयाचा स्नायू आणि आतडी, रक्तवाहिन्या यांच्या भिंतींतील अनैच्छिक स्नायू हे निराळे, त्यांचा कारभार आपल्या हुकुमावर चालत नाही आणि या लेखात त्यांचा विचार केलेला नाही.) यातील कोणताही स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. त्यामुळे बहुतेक सांध्यांवर परस्परविरुद्ध दिशांना ओढणाऱ्या स्नायूंची योजना असते: मांडीच्या पुढच्या बाजूचा चार भागांचा मोठा स्नायू गुडघा सरळ करतो, तर मागच्या बाजूचे स्नायू तो दुमडतात.

हा पुढचा स्नायू केसाएवढ्या बारीक तंतूंचा बनलेला असतो आणि प्रत्येक तंतूत सार्कोमिअर नावाचे सूक्ष्म घटक एकापुढे एक रचलेले असतात. एका सार्कोमिअरची लांबी अवघी दोन ते अडीच मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे चारशेवा ते पाचशेवा भाग असते. एक सेंटिमीटर लांबीत असे चार-पाच हजार घटक ओळीने मावतात. प्रत्येक घटकात मायोसिन या प्रथिनाचे जाड धागे आणि ॲक्टिन या प्रथिनाचे पातळ धागे एकमेकांत सरकतील अशा रीतीने मांडलेले असतात. स्नायू आखडतो तेव्हा हे धागे स्वतः आखूड होत नाहीत, तर पातळ धागे जाड धाग्यांच्या मधून आत सरकतात. ही कल्पना १९५४ साली ‘नेचर’ नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन जोड्यांनी स्वतंत्रपणे मांडली: एका जोडीत अँड्र्यू हक्सले आणि रोल्फ निडरगर्के होते, दुसरीत ह्यू हक्सले आणि जीन हॅन्सन. दोन्ही हक्सले एकमेकांचे नातेवाईक नव्हते, तरीही विद्यार्थ्यांचा गोंधळ आजतागायत चालूच आहे.

मेंदूकडून निघालेला संदेश मज्जातंतूवाटे स्नायूपर्यंत पोहोचला की तंतूच्या आतील कोठारांतून कॅल्शियम बाहेर पडते आणि ॲक्टिनवरील झाकलेल्या जागा उघड्या होतात. मायोसिनची डोकी त्या जागांना चिकटतात, एक हिसका देऊन ॲक्टिनला ओढतात, सुटतात आणि पुढच्या जागेला पुन्हा चिकटतात. येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. शरीराचे ऊर्जाचलन असलेला एटीपी हा रेणू मायोसिनच्या डोक्याला ओढण्यासाठी सज्ज तर करतोच, पण ओढून झाल्यावर ते डोके सुटे होण्यासाठीही नव्या एटीपीची गरज लागते. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठ होते ते याचमुळे: एटीपी संपल्याने चिकटलेली डोकी सुटत नाहीत. जिवंत स्नायूतही एटीपीची शिल्लक मोजक्या सेकंदांपुरतीच असते, म्हणून तो सतत नव्याने बनवावा लागतो. चढ चढताना ही मागणी एकदम वाढते, ती भागवण्यासाठी प्राणवायू लागतो आणि आपल्याला धाप लागते.

उतरताना चित्र बदलते. जिन्याच्या एका पायरीवर उभे राहून, उजवा पाय खालच्या पायरीकडे अगदी सावकाश सोडावा आणि त्या वेळी डाव्या मांडीवर, गुडघ्याच्या थोडे वर, तळहात ठेवावा. डावा गुडघा वाकत असतो, म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू लांब होत असतो; तरीही तो हाताला घट्ट, ताणलेला लागतो. तो सैल पडला असता तर गुडघा दुमडून आपण खाली कोसळलो असतो. विहिरीत भरलेली कळशी परत खाली सोडताना दोर हातातून जात असतो, पण हातांची पकड सुटलेली नसते, तसेच हे आहे. स्नायू ओढत असतो, पण शरीराचे वजन त्याच्या ओढीवर मात करते आणि तो ओढता ओढताच लांब होत जातो.

या दोन प्रकारच्या कामांतील तफावत १९५२ साली ब्रिटनमध्ये मोठ्या गमतीदार प्रयोगाने दाखवली गेली. ॲबट, बिगलँड आणि रिची या संशोधकांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पुढे पायडल मारायचे आणि दुसऱ्याने उलट फिरणाऱ्या पायडलांना पायांनी रोखून धरायचे. दोघांवरही पडणारा जोर सारखाच, फरक इतकाच की पहिल्याचे स्नायू आखूड होत काम करत होते आणि दुसऱ्याचे लांब होत. रोखणाऱ्याला लागणारा प्राणवायू कितीतरी कमी भरला आणि पायडलांचा वेग वाढवला तसा हा फरक अडीच पटींपासून पाच पटींपर्यंत गेला. लंडनच्या रॉयल सोसायटीत याचे प्रात्यक्षिक झाले, तेव्हा लहान चणीच्या एका तरुणीने पायडल मारणाऱ्या तरुण पुरुषाला थोड्याच वेळात दमवून सोडले. त्याच १९५२ साली आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक जिंकत होते, आणि कुस्तीत समोरच्याचा रेटा रोखून धरण्याचे जे काम पैलवानाचे पाय करतात, त्यातील बराच भाग याच दुसऱ्या प्रकारचा असतो.

उतरण स्वस्त का पडते, याचे उत्तर मायोसिनच्या डोक्यांपाशीच आहे. शरीराचे वजन चिकटलेल्या डोक्यांना खेचून सोडवते, त्यामुळे त्या सुटकेसाठी एटीपी खर्च करावा लागत नाही. शिवाय ताणला जाणारा तंतू आखडणाऱ्या तंतूपेक्षा बराच अधिक जोर पेलू शकतो. टायटिन हे सार्कोमिअरमधील लवचीक महाप्रथिनही या कामाला हातभार लावते. साहजिकच तेवढेच वजन पेलण्यासाठी मेंदू कमी तंतूंना कामाला लावतो. आणि येथेच मेख आहे. थोड्या तंतूंवर मोठा भार पडतो, त्यातील काही सार्कोमिअर गरजेपेक्षा अधिक ताणले जातात, त्यांची मांडणी विस्कटते आणि तंतूंच्या आवरणालाही सूक्ष्म इजा होते. पुढच्या एक-दोन दिवसांत तेथे दाह सुरू होतो, थोडी सूज येते आणि वेदना जाणवणाऱ्या मज्जातंतूंची संवेदनशीलता वाढते. म्हणून दुखणे त्याच दिवशी न होता २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचते.

व्यायामशाळांमध्ये या दुखण्याचे खापर अजूनही लॅक्टिक ॲसिडवर फोडले जाते. ही समजूत आता सोडून द्यायला हवी. व्यायामात तयार झालेले लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचे शरीरातील रूप) सुमारे तासाभरात रक्तातून निवळते, हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतातही. शिवाय ज्या उतरणीत ते कमी तयार होते, तिच्यामुळेच दुखणे अधिक होते. तेव्हा ‘ॲसिड बाहेर काढण्यासाठी’ म्हणून केलेल्या जोरकस मालिशीला त्या कारणापुरता तरी आधार नाही. हलके चालत राहणे, पुरेशी झोप आणि दोन-तीन दिवस धीर धरणे एवढे सहसा पुरते.

इजा झालेल्या तंतूंच्या कडेला उपग्रह पेशी नावाच्या राखीव पेशी असतात. त्यांचा शोध १९६१ साली अलेक्झांडर मौरो यांनी लावला. दुरुस्तीची हाक आली की त्या विभागतात आणि तंतूत मिसळून त्याला नवी केंद्रके पुरवतात. प्रौढ वयात व्यायामाने तंतूंची संख्या फारशी वाढत नाही, असलेले तंतू जाड होतात. विशेष म्हणजे उतरणीच्या एकाच सरावाने स्नायू इतका शहाणा होतो की पुढे काही आठवडे तशाच श्रमाने होणारे दुखणे लक्षणीय कमी असते. सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून पुन्हा उतरायचा असतो. तिच्या तयारीत केवळ चढाचा सराव करून भागत नाही, उतारावरही आधी काही आठवडे बेताने पळायला हवे, आणि तो सराव स्पर्धेच्या तोंडावर मात्र करू नये. आपल्याकडच्या तालमींत बैठक घेताना घाईने खाली आपटू नये, असे वस्ताद बजावतात. शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो सल्ला अचूक आहे, कारण बैठकीचा खाली जाणारा अर्धा भाग सावकाश केला तरच मांडीला त्याचा पुरता लाभ मिळतो.

हा सगळा विषय केवळ खेळाडूंचा नाही. तिशीनंतर दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर आकारमानापेक्षाही लवकर ओसरते. ज्येष्ठांचे पडणे, खुर्चीतून हाताच्या आधाराशिवाय उठता न येणे, यांच्या मुळाशी पुष्कळदा हेच असते. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा ऐच्छिक स्नायू उचलतात आणि आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनच्या मदतीविनाही साखर आत घेऊ शकतो, म्हणून मधुमेहाच्या दृष्टीनेही स्नायू राखणे महत्त्वाचे ठरते. तैवानमधील एका संशोधनात, जे २०१७ साली प्रसिद्ध झाले, ३० स्थूल ज्येष्ठ स्त्रियांचे दोन गट करून १२ आठवडे एका गटाला फक्त जिने चढायला आणि दुसऱ्याला फक्त उतरायला लावले, परतीच्या वाटेला लिफ्ट होती. उतरणाऱ्या गटात मांडीची ताकद, हाडांची घनता आणि साखरेचे नियंत्रण यांत अधिक सुधारणा दिसली. तीस जणींच्या प्रयोगावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत हे खरे. परंतु ज्यांच्या हृदयाला चढण झेपत नाही, त्यांच्यासाठी उतरण हा स्वस्तातला व्यायाम ठरू शकतो, या विचाराला त्यातून बळ मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम करावा. आपल्याकडे यातील पहिल्या निम्म्यावरच, म्हणजे सकाळच्या फेरफटक्यावर, समाधान मानले जाते.

आहाराविषयी थोडक्यात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. ज्वारी-गव्हाच्या प्रथिनांत लायसिन कमी असते आणि कडधान्ये ती उणीव भरून काढतात, त्यामुळे भाकरीसोबत मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे किंवा कोरेगावचा वाघ्या घेवडा ही जोडी उत्तम आहे. दूध, अंडी, मासे चालत असतील तर आणखी सोपे. महागड्या पावडरींचा डबा बहुतेकांना लागत नाही.

गुडघ्यांची झीज झालेल्यांनी मात्र वैद्यकीय सल्ल्याशिवाय उतरणीचा व्यायाम सुरू करू नये, कारण उतरताना गुडघ्याच्या वाटीवर मोठा दाब येतो. इतरांनीही थोड्या पायऱ्यांपासून, कठडा हाताशी ठेवून सुरुवात करावी. सवय नसताना अतिश्रम झाले आणि त्यानंतर स्नायू खूप सुजून दुखू लागले, अशक्तपणा आला आणि लघवीचा रंग गडद तपकिरी दिसला, तर स्नायूंतील मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडांवर ताण येत असण्याची शक्यता असते. अशा वेळी घरगुती उपायांत किंवा वेदनाशामक गोळ्यांत वेळ न दवडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.