हिमस्खलनाचा नकाशा आणि हिमस्खलनाचा इशारा

हिमालयातील सीमाभागात सैन्याच्या हालचाली ठरवताना दोन प्रकारची माहिती वापरली जाते आणि बातम्यांमध्ये तिची हमखास सरमिसळ होते. एक म्हणजे हिमस्खलन-प्रवण क्षेत्राचा नकाशा आणि दुसरा म्हणजे हिवाळ्यात जारी होणारा हिमस्खलनाचा इशारा. भारतात या दोन्ही कामांचा मोठा भार डीआरडीओच्या एकाच प्रयोगशाळेवर आहे. चंडीगडची ही 'डीजीआरई', म्हणजे डिफेन्स जिओइन्फॉर्मेटिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट, २०२० मध्ये दोन जुन्या संस्थांच्या विलीनीकरणातून झाली. त्यांपैकी 'सासे' बर्फ आणि हिमस्खलनाचा अभ्यास करत असे, तर दिल्लीची डीटीआरएल भूप्रदेशाचा. संस्था एक असली, तरी नकाशा आणि इशारा हे दोन वेगळ्या प्रश्नांना दिलेले वेगळे जबाब आहेत.

नकाशा 'कुठे' एवढेच सांगतो. उपग्रहाच्या त्रिमितीय प्रतिमांवरून डोंगराचे उंचीचे प्रारूप तयार होते, त्यावरून प्रत्येक उताराचा कोन, दिशा, वळण आणि झाडोरा काढला जातो, आणि पूर्वी हिम कोसळल्याच्या नोंदी त्याच्याशी ताडून पाहिल्या जातात. साधारण ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे असतात. त्याहून सपाट जागी बर्फ सहसा सुटत नाही आणि फार उभ्या कड्यावर तो साचतच नाही. मात्र छावणीसाठी जागा शोधणाऱ्या अधिकाऱ्याने हिम कुठे सुटते यापेक्षा ते कुठवर जाऊन थांबते हे पाहायला हवे, कारण तळाची मोकळी, सपाट आणि तंबू ठोकायला सोयीची वाटणारी जागा हीच पुष्कळदा हिम पसरण्याची जागा असते. हा नकाशा वर्षानुवर्षे फारसा बदलत नाही.

इशारा 'केव्हा' या प्रश्नाचा आहे आणि त्याचे आयुष्य बहुधा २४ तासांचे असते. ताजी हिमवृष्टी किती झाली, वारा कोणत्या बाजूला बर्फ वाहून नेतो आहे, तापमान कसे बदलते आहे आणि साचलेल्या बर्फाच्या आत कोणते थर आहेत, यांवर तो बेतलेला असतो. यातले शेवटचे सर्वांत अवघड. कडाक्याच्या थंडीत जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास राहतो आणि पृष्ठभाग मात्र त्याहून कितीतरी थंड होतो. या फरकामुळे खालची वाफ वर सरकते आणि तळाशी मोठे, एकमेकांना न धरणारे स्फटिक वाढतात. साखरेसारख्या सुट्या असलेल्या या थरावर नवे हिम बसले की वरून सारे भक्कम दिसते, पण आधार नावापुरताच उरतो. पीर पंजालच्या तुलनेने उबदार, भरपूर हिमवृष्टीच्या पट्ट्यापेक्षा काराकोरमच्या कोरड्या थंडीत असे थर अधिक बनतात, आणि हा थर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसत नाही. त्यासाठी कुणीतरी बर्फात खड्डा खणून बघावे लागते.

दोन्हींतील फरक कुठे भोवतो, हे २८ फेब्रुवारी २०२५ च्या घटनेत दिसते. बद्रीनाथजवळील माणा येथे सीमा रस्ते संघटनेच्या कामावरील, कंटेनरमध्ये राहणारे ५४ मजूर हिमस्खलनात सापडले. ४६ वाचले, आठ दगावले. आदल्या संध्याकाळीच डीजीआरईने चमोलीसह उत्तराखंडच्या पाच जिल्ह्यांत २,४०० मीटरच्या वरील भागासाठी २४ तासांचा इशारा दिला होता. अंदाज चुकला नव्हता, पण पाच जिल्ह्यांना लागू असलेला इशारा अमुक कंटेनर अमुक उताराखाली आहे हे सांगू शकत नाही. ते काम नकाशाचे, आणि तेही कंटेनर तिथे नेऊन ठेवण्यापूर्वीचे.

उलट्या बाजूने नकाशाचाही गैरसमज होतो. नकाशावर धोक्याचा रंग नाही म्हणजे जागा सुरक्षित, असे गृहीत धरले जाते. आपल्याकडे दरडींच्या बाबतीत याचा अनुभव आलेला आहे: जुलै २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारनेच विधानसभेत सांगितले होते. यादी काय किंवा नकाशा काय, उपलब्ध नोंदींवर आणि मोजमापाच्या बारकाईवर उभा असतो. जिथे नोंदच नाही तिथे तो गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ 'धोका नाही' असा लावता येत नाही.

लष्करी वापरात आणखी एक पेच आहे, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. नागरी वस्ती निदान तत्त्वतः हलवता येते. चौकीची जागा शत्रूच्या नजरेवर आणि माऱ्यावर ठरते. पहिल्या महायुद्धात, १३ डिसेंबर १९१६ रोजी, आल्प्समधील मार्मोलादा पर्वतावरील ऑस्ट्रियन सैन्याच्या बराकी हिमाखाली गाडल्या गेल्या आणि सुमारे २७० जण मृत्युमुखी पडले. ती जागा इटालियन तोफांपासून आडोशाची म्हणून निवडलेली होती. छावणी हलवण्याची तिथल्या अधिकाऱ्याची मागणी वरून फेटाळण्यात आली होती. सियाचीनलगतच्या साल्तोरो धारेवरील आपल्या चौक्या १९८४ पासून अशाच सामरिक कारणाने ठरलेल्या आहेत. म्हणजे नकाशा धोका दाखवतो, पण त्याप्रमाणे वागण्याची मुभा नसते. मग सारा भार इशाऱ्यावर पडतो. आणि इशाऱ्यालाही मर्यादा आहे. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमधील सुमारे १९,६०० फुटांवरील सोनम चौकीवर दहा जवान गाडले गेले, तेव्हा कोसळली होती ती ताज्या हिमाची नव्हे, तर घट्ट गोठलेल्या बर्फाची भिंत. मुख्यतः ताज्या हिमवृष्टीवर बेतलेला अंदाज अशा घटनेला फारसा लागू पडत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर सिक्कीममध्ये लष्कर आणि डीजीआरई यांनी बसवलेल्या रडारची गणनाही पुष्कळदा इशाऱ्यातच केली जाते. तो मात्र तिसराच प्रकार आहे. हिम सुटल्यावर तीन सेकंदांच्या आत ते टिपणे हे त्या रडारचे काम असून, रात्री किंवा धुक्यातही ते चालते. उद्या हिम सुटेल की नाही, याबद्दल त्याच्याकडे सांगण्यासारखे काही नसते. सुटलेले हिम खाली पोहोचेपर्यंत जो थोडा अवधी मिळतो, तेवढ्यात रस्ता रोखता येतो आणि माणसे बाजूला काढता येतात.