काठावरच्या मुलांना विचारा

निकाल लागला की शाळेच्या फाटकावर फ्लेक्स चढतो. 'आमच्या विशेष तुकडीतील ४० पैकी ३८ विद्यार्थी ९० टक्क्यांच्या वर!' खाली पासपोर्ट फोटोंची रांग. पालक तो उभ्या उभ्या वाचतात आणि पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची चौकशी करायला आत शिरतात. त्या फ्लेक्सवरून तुकडीत काय शिकवलं, हे मात्र कणभरही कळत नाही. प्रवेशाच्या वेळीच गाळून घेतलेली मुलं बाहेर पडतानाही पुढेच असणार. चाळणीनं गहू निवडला म्हणजे तो पिकवला असं होत नाही.

मग तुकडीचा स्वतःचा वाटा ओळखायचा कसा? यावरची एक देखणी युक्ती १९६० साली डोनाल्ड थिसलथ्वेट आणि डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मांडली, तीही हुशार विद्यार्थ्यांच्या गौरवाचा परिणाम तपासतानाच. समजा, निवडीची रेषा १४० गुणांवर आहे. १४१ वाला आत, १३९ वाला बाहेर. या दोघांच्या बुद्धीत असा काय फरक? एकाचा अंदाजपंचे टोला बसला, दुसऱ्याचं त्या सकाळी पोट बिघडलं होतं, इतकाच. अशी रेषेच्या अलीकडची आणि पलीकडची पुष्कळ मुलं घ्यायची आणि काही वर्षांनी ती कुठे पोचली ते पाहायचं. नेमक्या रेषेपाशी आलेखात पायरी दिसली, तर ती कार्यक्रमाची कमाई.

बॉस्टन आणि न्यूयॉर्कमधल्या प्रवेश-परीक्षेच्या नामवंत सरकारी शाळांना अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक या अर्थशास्त्रज्ञांनी हीच मोजपट्टी लावली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष पालकांना झोंबणारा होता: काठावरून आत गेलेल्यांच्या परीक्षांतल्या गुणांत पायरी जवळपास नव्हतीच. अर्थात ही पद्धत फक्त काठावरच्यांबद्दल बोलते. रेषेच्या कितीतरी वर असलेल्या मुलीला त्या शाळेनं काय दिलं, यावर ती गप्प असते.

शिवाय पेपर कुठला वापरला तेही महत्त्वाचं. जूनमध्ये ९८ गुण मिळवणारी मुलगी मार्चमध्ये फार तर १०० मिळवेल. डोकं छताला टेकलेल्या माणसाची उंची त्या खोलीत मोजता येत नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला छतच उचललं. कॉलेज प्रवेशासाठी सतरा-अठरा वर्षांची मुलं देतात ती सॅट परीक्षा त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या पोरांना दिली. स्वतःच्या इयत्तेच्या पेपरात सारखीच दिसणारी मुलं तिथे एकमेकांपासून लांब लांब पांगली.

हे झालं मोजण्याचं. पण त्याआधी आत कोणाला घ्यायचं? आमच्या वेळी शिष्यवृत्ती परीक्षा चौथीला असे. गुरुजींनी वर्गावरून नजर फिरवली आणि जादा तासाला दहा जणांची नावं घेतली. वह्यांना खाकी कव्हर घातलेली, हात वर करणारी मुलं. बाजाराच्या दिवशी वडिलांच्या गाडीवर 'सव्वा किलो, पावणेतीनशे ग्रॅम' असले हिशोब तोंडी उडवणारा मागच्या बाकावरचा पोरगा त्यात नव्हता. गुरुजी दुष्ट नव्हते. त्यांनी त्याला गाडीवर कधी पाहिलंच नव्हतं.

फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड काउंटीत असंच चालायचं. शिक्षक किंवा पालक नाव सुचवणार, मग बुद्ध्यंक चाचणी होणार. २००५ मध्ये तिथे दुसरीच्या सगळ्याच मुलांना शब्दांवर न विसंबणारी, आकृत्यांची एक छोटी चाचणी दिली गेली आणि त्यात वर आलेल्यांना बुद्ध्यंक चाचणीसाठी पाठवलं. निकषाला हात लावला नाही, तरी गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक घरांतली मुलं एकदम कितीतरी जास्त सापडली. पुढे पैशांची कात्री लागली, सरसकट चाळणी बंद पडली आणि आकडे पुन्हा खाली आले.

त्याच काउंटीत डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो या अर्थशास्त्रज्ञांना याहून विचार करायला लावणारी गोष्ट सापडली. तिथे चौथी-पाचवीत बुद्ध्यंकानं निवडलेल्या मुलांसाठी वेगळा वर्ग असे, आणि उरलेल्या जागा आदल्या वर्षीच्या गुणक्रमानं भरल्या जात. म्हणजे ही मुलं अधिकृतपणे 'प्रतिभावान' नव्हेत, जागा रिकाम्या म्हणून आत आलेली. त्यांतल्या कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांचे चौथीचे वाचन-गणिताचे गुण अर्ध्या प्रमाण विचलनानं वाढले. सोप्या भाषेत, शंभरात पन्नासाव्या क्रमांकाचं मूल एकतिसाव्याच्या आसपास यावं एवढं! वाढ निदान सहावीपर्यंत टिकली, आणि नेहमीच्या वर्गात राहिलेल्यांचं नुकसान झाल्याचंही दिसलं नाही. शिक्षक सरस होते किंवा सोबती हुशार होते, एवढ्यानं या वाढीचा जेमतेम दहा टक्के उलगडा होतो. बाकीचं कारण संशोधकांना नेहमीच्या वर्गात दिसलं: शिक्षकांच्या तोकड्या अपेक्षा आणि 'फार शहाणा झालास का' म्हणणारे मित्र.

मला तरी वाटतं, विशेष तुकडीचा आराखडा करताना पहिला खर्च फलकावर नव्हे, नोंदींच्या दप्तरावर व्हावा. रेषेखाली राहिलेल्यांचे गुण जपून ठेवले तर पाच वर्षांनी तुलना जवळजवळ फुकटात होते. एका शाळेत मी ती यादी मागितली. निवडलेल्यांची फाइल लगेच निघाली, प्लास्टिकच्या कव्हरात. बाकीच्यांची?

"त्यांचे पेपर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीला गेले," कारकून म्हणाले. "ती मुलं आपली नव्हेत ना, सर."