मुलाच्या आठवणीसाठी डोंगरमाथा: कॅसल क्रॅगची पार्श्वभूमी

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये बॉरोडेल नावाचं खोरं आहे. ग्रेंज आणि रॉस्थवेट या दोन गावांच्या मध्ये ते एकदम चिंचोळं होतं आणि तिथेच कॅसल क्रॅग उभा आहे. उंची अवघी 290 मीटर, पण चढ चांगलाच दमवतो. वाट पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणीतून, फुटक्या चिपांच्या राशीवरून जाते. माथ्यावरच्या कातळात एक फलक बसवलेला आहे. त्यावर पहिलं नाव सेकंड लेफ्टनंट जॉन हॅमर याचं आणि त्याखाली पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या बॉरोडेलच्या इतर तरुणांची नावं.

जॉनचा जन्म 1897 चा. 21 मार्च 1918 ला जर्मनांनी पश्चिम आघाडीवर मोठी चढाई केली आणि दुसऱ्याच दिवशी तो मारला गेला. विशीतलं पोर. 1920 मध्ये हॅमर कुटुंबाने हा माथा नॅशनल ट्रस्टला, म्हणजे निसर्ग आणि वारसास्थळं जपणाऱ्या संस्थेला, देऊन टाकला.

स्मारक म्हणून जमीनच का द्यावी? परदेशात पडलेल्या सैनिकांचे मृतदेह मायदेशी आणायला ब्रिटिश लष्कराने 1915 मध्येच बंदी केली होती. युद्ध संपल्यावरही ती उठली नाही. श्रीमंत असो की गरीब, सगळ्यांना नियम एकच. त्यामुळे लाखो घरांना आपल्या माणसाच्या थडग्यावर फूल वाहायला जाणंही अवघड होतं. जवळपास कुठेतरी एक जागा हवी होती. गावोगावी स्मारकाचे क्रूस आणि खांब उभे राहिले ते त्यामुळेच. हॅमर कुटुंबासाठी ती जागा म्हणजे हा माथा.

जमीन द्यायची तर ती सांभाळणारं कुणीतरी हवं. नॅशनल ट्रस्ट 1895 मध्ये स्थापन झाला होता आणि 1907 च्या कायद्याने त्याला मोठा अधिकार मिळाला. ‘अहस्तांतरणीय’ म्हणून जाहीर केलेली जमीन ट्रस्टला स्वतःलाही विकता येत नाही. माझ्या मते या दानांचं खरं बळ याच तरतुदीत आहे. एरवी दोन पिढ्यांनी वारसांनी काय केलं असतं, कोण सांगणार?

त्याच सुमारास अशी आणखी दानं झाली. 1919 मध्ये लॉर्ड लेकनफील्ड यांनी इंग्लंडमधलं सर्वोच्च शिखर स्काफेल पाइक (978 मीटर) लेक डिस्ट्रिक्टच्या मृत सैनिकांच्या नावे दिलं, मात्र गावकऱ्यांचे सामायिक हक्क कायम ठेवून. फेल अँड रॉक क्लाइंबिंग क्लबने आपल्या मृत सभासदांसाठी ग्रेट गेबल या शिखरासह आसपासचा उंच मुलूख विकत घेऊन 1923 मध्ये ट्रस्टच्या हवाली केला. पुढच्या जूनमध्ये गेबलच्या माथ्यावर फलकाचं अनावरण झालं. त्या दिवशी बोलले जेफ्री विन्थ्रॉप यंग, युद्धात एक पाय गमावलेले गिर्यारोहक.

आकाराने कॅसल क्रॅग या सगळ्यांत लहान. तरी मला तोच अधिक जवळचा वाटतो, कारण हॅमर कुटुंबाने आपल्या मुलाच्या फलकावर खोऱ्यातल्या इतरांच्या मुलांनाही जागा दिली. पुढे जॉनचे वडील सर विल्यम हॅमर वारले आणि 1939 मध्ये त्यांच्या पत्नी ॲग्नेस यांनी टेकडीभोवतालची जमीनही पतीच्या स्मरणार्थ देऊन टाकली.