गाठ अजून आयोडीन घेते का?

आत्याची फाइल म्हणजे साडीच्या दुकानाची एक कापडी पिशवी. नऊ वर्षांचे कागद त्यात कोंबलेले. कॅन्सरच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, शेवटचं आयोडीन कधी घेतलंत, आणि किती?" उत्तर पिशवीतच होतं, एका डिस्चार्ज कार्डवर. ते सापडेपर्यंत आमची वेळ संपत आली होती.

थायरॉइडच्या पसरलेल्या कर्करोगात हा प्रश्न आधी का येतो, ते समजलं की तयारी काय करायची हेही समजतं.

थायरॉइडच्या पेशी रक्तातलं आयोडीन ओढून घेतात. त्यासाठी त्यांच्या आवरणावर पंपासारखं काम करणारं एक प्रथिन असतं. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर प्रकारच्या कर्करोगातही हा पंप बहुधा चालू राहतो. म्हणून ग्रंथी काढल्यावर गरजेप्रमाणे आयोडीन-131 हे किरणोत्सारी आयोडीन तोंडाने देतात. फुप्फुसात जाऊन बसलेली पेशीही ते गिळते आणि त्याच्या किरणांनी मरते. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 साली सुरू झालं, ते या उपचारासाठी देशभर ओळखलं जातं.

काही रुग्णांत मात्र पेशी बदलतात आणि पंप बंद पडतो. सीटीवर गाठ वाढताना दिसते, आयोडीनच्या स्कॅनवर ती उमटतच नाही. मग आणखी डोस देऊन गाठीला काही होत नाही, त्रास होतो तो लाळग्रंथींना आणि अस्थिमज्जेला. आजवरचे डोस मिळून साधारण 600 मिलिक्युरी (किरणोत्सार मोजायचं एकक) झाले असतील, तर पुढचा डोस देताना डॉक्टर फार विचार करतात. तेव्हा एका पानावर प्रत्येक डोसची तारीख, मिलिक्युरी आणि त्यानंतरच्या स्कॅनमध्ये काय दिसलं ते लिहा. अलीकडे कॉन्ट्रास्ट देऊन सीटी काढला असेल तर तीही तारीख घाला. त्या औषधात आयोडीन असतं, आणि पुढचे काही आठवडे पेशींना दुसरं आयोडीन घ्यायला जागाच उरत नाही.

दुसरं पान थायरोग्लोब्युलिनचं. हे प्रथिन थायरॉइडच्या पेशीच बनवतात, त्यामुळे ग्रंथी काढल्यावर ते वाढत गेलं तर शंका घ्यायची. वहीत चार रकाने आखा: तारीख, थायरोग्लोब्युलिन, त्याची अँटिबॉडी, टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक). चारही एकत्र हवेत, कारण अँटिबॉडी असेल तर आकडा खोटाच कमी दिसू शकतो आणि टीएसएच चढलेलं असेल तर तो वर जातो. शक्यतो एकाच लॅबमधून तपासा. केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर सांगा, तीही या तपासण्या बिघडवते. आत्याचे आकडे ओळीने लिहिले तेव्हा आम्हाला पहिल्यांदा दिसलं: 2 चे 4 व्हायला दीड वर्ष लागलं होतं, 4 चे 9 फक्त आठ महिन्यांत झाले होते. सुटा रिपोर्ट हे कधीच सांगत नाही.

तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात, ती म्हणजे ब्लॉक. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवून जपलेला असतो. आगपेटीहून लहान, चपटी प्लास्टिकची डबी, वर बारीक अक्षरात नंबर, आणि पांढऱ्या मेणात नखाएवढा तपकिरी तुकडा. जिथे ऑपरेशन झालं तिथल्या पॅथॉलॉजी विभागात अर्ज करून तो मागता येतो. त्यावरून बीआरएएफ, आरईटी, एनटीआरके या जनुकांतले बदल शोधतात. आरईटीत बदल सापडला तर सेलपरकॅटिनिब, एनटीआरकेत सापडला तर लॅरोट्रेक्टिनिब अशी नेमकी औषधं आता आहेत. काहीच सापडलं नाही तर लेनव्हॅटिनिब किंवा सोराफेनिबचा विचार होतो. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लेनव्हॅटिनिब घेणाऱ्यांचा आजार सरासरी 18.3 महिने रोखला गेला, औषधाविना 3.6 महिने. त्याने आजार मुळापासून जात नाही आणि रक्तदाब वाढतो, म्हणून आधीचा आठवडाभर घरी बीपी मोजून लिहून न्या. दात काढायचा राहिला असेल तर तेही आधीच सांगा, कारण या औषधावर जखमा लवकर भरत नाहीत.

थायरॉइडच्याच कर्करोगाच्या मेड्युलरी प्रकाराचा हिशेब वेगळा. त्या पेशी आयोडीन घेतच नाहीत, तिथे रक्तातल्या कॅल्सिटोनिन आणि सीईए या दोन खुणांचे आकडे लागतात. साधारण चारातल्या एका रुग्णात हा प्रकार आनुवंशिक असतो, म्हणून घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग झाला होता का, हे विचारून ठेवाच.

आणि एक प्रश्न आपण विचारायचा: औषध आजच सुरू करायला हवं का? गाठी लहान असतील, हळू वाढत असतील आणि त्रास नसेल, तर काही महिने नुसतं लक्ष ठेवणं हाही उपचाराचाच भाग असतो. हे मला फार उशिरा कळलं. वाट पाहायला सांगितलं की घरच्यांना वाटतं, डॉक्टरांनी हात टेकले.

दुसऱ्या खेपेला आत्याने वही स्वतःच टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी पान उलटलं, त्या 9 भोवती पेनाने गोल केला आणि म्हणाले, "मावशी, ब्लॉक आणलाय ना?"