गावातलं बीपी उशिरा का सापडलं

उच्च रक्तदाब म्हणजे शहरी, बैठं काम करणाऱ्या माणसाचा आजार, ही समजूत आपल्याकडे फार काळ टिकली. १९५० च्या दशकात शहरांत झालेल्या पाहण्यांतही तो १.२ ते ४ टक्के लोकांतच सापडला होता. मात्र तेव्हा १६०/९५ (वरचा आणि खालचा आकडा) याच्या पुढचाच दाब उच्च धरत. १९९० च्या दशकात ही रेषा १४०/९० वर आली. त्यामुळे जुने-नवे आकडे शेजारी ठेवताना त्यातली काही वाढ रेषा खाली सरकल्याची आहे, हे विसरू नये. उरलेली वाढ खरी आहे, आणि ती गावांतही झाली आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरच्या ज्या लोकांचा दाब वाढलेला होता किंवा ज्यांना गोळी चालू होती, त्यांचं प्रमाण शहरी पुरुषांत २६.६ टक्के आणि ग्रामीण पुरुषांत २२.७ टक्के निघालं. स्त्रियांत ते २३.६ आणि २०.२ होतं. म्हणजे फरक तीन-चार टक्क्यांचा. खरी दरी पुढे आहे. देशभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार शहरातल्या शंभर रुग्णांपैकी ४२ जणांना आपल्याला बीपी आहे हे माहीत होतं, गावात फक्त २५ जणांना. दाब आटोक्यात होता तो शहरात २० जणांचा आणि गावात ११ जणांचा. शहराचा आकडाही समाधान मानावा असा नाही.

ही दरी आरोग्यव्यवस्थेच्या घडणीतून आली. देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या १९४६ च्या भोर समितीच्या शिफारशींतून प्राथमिक आरोग्य केंद्रं उभी राहिली. मलेरिया, देवी, बाळंतपण, लसीकरण आणि कुटुंब नियोजन हे त्यांचं मुख्य काम. तिथे दाब नेमाने मोजला जाई तो गरोदर बाईचा. पन्नाशीतला, काहीच दुखत नसलेला शेतकरी केंद्रात येण्याचं कारण नव्हतं, आणि वाढलेला दाब बहुधा दुखत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळातल्या १,५९९ मृत्यूंची कारणं तपासली गेली, तेव्हा २२९ मृत्यू, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताने झाल्याचं आढळलं. मृत्यूचं ते पहिल्या क्रमांकाचं कारण होतं. पक्षाघाताचं सर्वांत मोठं टाळता येण्याजोगं कारण म्हणजे न सापडलेला किंवा अर्धवट उपचार झालेला रक्तदाब.

२०१० साली असंसर्गजन्य, म्हणजे रक्तदाब-मधुमेहासारख्या न पसरणाऱ्या, आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम १०० जिल्ह्यांत सुरू झाला, पण त्याचा भर जिल्हा रुग्णालयातल्या आणि तालुक्याच्या क्लिनिकवर होता. गोळीसाठी दर महिन्याला मजुरी बुडवून एसटीने तालुका गाठणं फार दिवस जमत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम पाच राज्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्र होता. सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे इथले सुरुवातीचे जिल्हे. उपक्रमाची कल्पना साधी होती: औषधं मोजकी, पायऱ्या ठरलेल्या, आणि गोळी घराजवळ. सर्वसाधारणपणे अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमने सुरुवात. महिन्याने दाब १४०/९० च्या खाली आला नाही तर टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅमची जोड. मग मात्रा वाढवायची आणि गरज पडल्यास क्लोरथॅलिडोन १२.५ मिलिग्रॅम. राज्यागणिक पायऱ्या थोड्या बदलतात. गरोदर स्त्रीला टेल्मिसार्टन देत नाहीत. २०१८ नंतर उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं होऊ लागली, आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा तपासणी तक्ता भरू लागल्या आणि चालू गोळ्या तिथल्याच समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे मिळू लागल्या. मोठ्या रुग्णालयांपेक्षा अशा जवळच्या केंद्रांत दाब आटोक्यात राहणाऱ्यांचं प्रमाण जास्त दिसलं, यात आश्चर्य नाही.

निदान मात्र अजूनही मोजणीपाशी अडतं. चालत आलेल्या माणसाला पाच मिनिटं बसवायला हवं. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नको. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर, पट्टा उघड्या दंडावर, आणि बोलणं बंद. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा खोटा वाढतो. हात खाली लोंबकळला तरी वाढतो. एक-दोन मिनिटांच्या अंतराने किमान दोन मोजण्या घ्याव्यात. गर्दीच्या शिबिरात नेमकं हेच सुटतं. म्हणून शिबिरातल्या एका आकड्यावर कायमची गोळी सुरू करू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावं. १८०/११० किंवा त्यापुढचा आकडा मात्र थांबवून ठेवू नये, लगेच डॉक्टरांकडे पाठवावं.

गोळी सुटण्याची कारणं गावात आणि शहरात वेगळी आहेत. गावात दाब नॉर्मल आला की 'बरा झालो' म्हणून गोळी बंद होते, किंवा अॅम्लोडिपिनने घोट्याला सूज आली की माणूस न सांगता ती सोडतो. खरं तर मात्रा कमी करून किंवा औषध बदलून ती सूज आवरता येते. ताटातलं लोणचं, पापड, ठेचा आणि कोकणातली सुकी मासळी यांतून जाणारं मीठ कुणी मोजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, आहे. शहरात औषधाची दुकानं पावलापावलावर असली तरी वस्तीतल्या रोजंदारीवाल्याला सकाळच्या ओपीडीची वेळ जमत नाही. मग तो खासगी दवाखान्यात जातो आणि महिनाअखेरीला पैसे संपले की गोळीही थांबते.

या दोन्हींच्या मधला माणूस सर्वांत जास्त सुटतो. बीडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास गाव सोडतो, तो उन्हाळ्यातच परततो. त्याचं कार्ड गावच्या केंद्रात आणि हातात महिन्याच्या गोळ्या. निघण्यापूर्वी त्याला जास्त महिन्यांचा साठा द्यावा, उपचाराची नोंदवही सोबत द्यावी आणि कारखान्याजवळच्या केंद्राने ती पाहून त्याच गोळ्या पुढे चालू ठेवाव्यात.