नाळी म्हणजे पाण्यातला पालक नव्हे

नाळीच्या बियांच्या पाकिटावर ‘वॉटर स्पिनॅच’ छापलेलं असतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. नाळीची भाजी पालकाची कुणीच लागत नाही. ती रताळ्याच्या आणि गारवेलीच्या कुळातली, तर आपला बाजारातला पालक बिटाचा भाऊबंद. पोकळ देठ, लांब टोकदार पान हा फरक ताटातही दिसतो, त्यावर वेळ घालवायला नको.

खरी फसगत होते ती हंगामात. दिवाळीनंतरच्या थंडीत पालक पेरताना त्याच वाफ्यात नाळीही टाकली जाते. पालक आठवड्याभरात वर येतो, नाळी येत नाही, आणि मग ‘बी जुनं होतं’ असं ठरवून पाकीट फेकून देतात. बी चांगलंच असतं, माती गार असते. नाळीच्या बियाला 25 ते 30 अंशांची ऊब हवी. पुण्या-नाशकाकडे थंडीत रात्री पारा 10-12 अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा ओल्या मातीत पडलेलं बी उगवण्याआधीच कुजतं. तिकडे फेब्रुवारीअखेर ते ऑगस्ट हाच काळ धरा. मुंबई-कोकणात ती हिवाळ्यातही तग धरते, पण रेंगाळत वाढते. ज्या एप्रिल-मेच्या उन्हात पालक माना टाकतो, त्यातच नाळी फोफावते. म्हणून दोघांना एका वाफ्यात घालूच नये.

बी तपकिरी, कोनाकोनाचं आणि टणक असतं. कोमट पाण्यात 24 तास भिजवा. जे फुगलं नाही त्याची पाठ सँडपेपरवर हलकेच घासून पुन्हा भिजवा. डोळ्याची, म्हणजे बी फळाला चिकटलेलं असतं त्या खुणेची बाजू मात्र घासू नका. एक ते दीड सेंटीमीटर खोल, 10-15 सेंटीमीटर अंतरावर टोका. उबेत चार ते सात दिवसांत कोंब दिसतो. नाळीची पहिली जोडपानं मधोमध खोल चिरलेली, इंग्रजी व्ही अक्षरासारखी असतात. पालकाची अरुंद पट्टीसारखी. ही खूण लक्षात ठेवली तर तण समजून रोपं उपटली जात नाहीत.

नावात पाणी आहे म्हणून पहिल्या दिवशीच कुंडीत डबकं करणं ही दुसरी चूक. हवा न मिळाल्यानं बी सडतं. रोप वीतभर होईपर्यंत माती नुसती ओलसर ठेवा, नंतर कुंडीखालची बशी खुशाल भरलेली असू द्या. पालकाला असं पाणी साचलेलं चालत नाही.

पेरणीनंतर साधारण महिन्याभरात, फूटभर उंचीवर पहिली कापणी करा. बुंध्याशी दोन-तीन पेरं राखूनच कापायचं, कारण नवे फुटवे पेरांतूनच येतात. मुळासकट उपटणारे दर वेळी नवं बी विकत घेतात. कापलेल्यातले चार जून देठ पाण्यात ठेवले तर पेरांना थोड्याच दिवसांत मुळं सुटतात, आणि पुढची कुंडी बियाशिवाय भरते.