लाल टोपी, पांढरी टोपी

बेळगावच्या किल्ला तलावाकाठी सकाळी फिरणाऱ्यांत एक काका दिसतात. डावा हात कोपरात दुमडून छातीशी धरलेला. डावा पाय सरळ पुढं येत नाही, विळ्यासारखा बाहेरून फिरून येतो. त्या पायातल्या चपलेचं टोक पार झिजलंय. आमच्याकडं म्हणतात ‘अंगावरनं वारं गेलं’, डॉक्टर म्हणतात पक्षाघात.

दोष पायात नाहीच. हालचालीचे हुकूम नेणारे बहुतेक चेतातंतू मेंदूच्या तळाशी बाजू बदलतात, म्हणून उजव्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली की डावं अंग लुळं पडतं. गुडघा नीट वाकत नाही, पाऊल उचलत नाही, मग अख्खा पाय कमरेतून फिरवावा लागतो. या चालीला धडधाकट माणसाच्या चालीपेक्षा बरीच जास्त ऊर्जा लागते.

अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या निधी जमवायला चालत काढलेल्या मदतफेऱ्यांत हृदयविकारातून वाचलेल्यांना लाल टोपी देतात, पक्षाघातातून वाचलेल्यांना पांढरी. शाल-श्रीफळ देऊन पाहुण्यांची भाषणं संपेपर्यंत ताटकळत ठेवण्यापेक्षा हे बरं. (आमच्या खेड्यांत निम्म्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी असतेच, तेव्हा रंग बदलावा लागेल.)

दोन टोप्या हव्यातच, कारण सावरण्याच्या तऱ्हा दोन. हृदयविकाराच्या झटक्यात मेलेला हृदयाचा स्नायू जवळपास परत उगवत नाही, तिथं वण धरतो. पण नेमानं चालल्यावर पायांचे स्नायू रक्तातला प्राणवायू जास्त चांगला वापरू लागतात आणि तेवढ्याच कामाला हृदयावर कमी ताण येतो. मेंदूचं निराळं. चोर्ला घाट बंद पडला की गोव्याच्या गाड्या अनमोडनं जातात, तसं मेलेल्या भागाचं काही काम शेजारचे भाग उचलतात. मात्र ती वाट वापरून वापरूनच रुळते. सुधारणा सगळ्यात वेगानं होते ती पहिल्या ३ महिन्यांत.

मुळात वेळेत पोचणं महत्त्वाचं. मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करूनच. मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतेल. खानापूरच्या जंगलातल्या वाडीवरून बेळगाव गाठायलाच वेळ जातो. त्यात ‘वाऱ्याचं औषध’ देणाऱ्याकडं तेल चोळून घेण्यात सकाळ घालवली की खेळ संपला.

यातून वाचलेल्यांनी अशा फेरीत किंवा दौडीत उतरायचं तर डॉक्टरांना विचारून. ठोके कमी ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नाडीवरून दमणूक कळत नाही. चालताना सलग दोन वाक्यं बोलता येतात का, ते बघावं. आणि रेषा ओलांडल्यावर फोटोसाठी त्यांना गचकन थांबवू नये. पोटऱ्यांची हालचाल थांबली की रक्त पायांत साचतं, दाब उतरतो, चक्कर येते. हार घालायचाच असेल तर त्यांच्याबरोबर चार पावलं चालत घालावा.